बारावीनंतर वस्त्रतंत्रज्ञान: कापडाची वीण शिकवणारी शाखा

कापडाचे गुण तीन गोष्टी ठरवतात: तंतू, सूत आणि त्या सुताची बांधणी. कापसाचा तंतू हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8 टक्के धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घाम टिपणारा सदरा आणि अंगाला चिकटणारा सदरा यांतला फरक इथून सुरू होतो. सुताची जाडी काउंटमध्ये मोजतात. काउंटचा आकडा मोठा, तितके सूत बारीक. मात्र तंतू आणि सूत तेच ठेवून नुसती बांधणी बदलली, तरी कापड निराळे होते. ते का होते, हे शिकवणारी पदवी म्हणजे वस्त्रतंत्रज्ञान. बारावीचा निकाल लागला की पुणे जिल्ह्यातल्या न्हावरे, शिरूर, दौंड पट्ट्यातले पालक ‘कॉम्प्युटर कुठे मिळेल’ एवढेच विचारतात आणि ही शाखा यादीत असून वगळली जाते. वगळण्याआधी ती आहे तरी काय, हे पाहणे आवश्यक आहे.

विणलेल्या कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांच्या खाली-वर जातात. साध्या विणीत बाणा एका ताण्याच्या वरून, पुढच्याच्या खालून जातो. मांजरपाट, पॉपलीन, मलमल ही सगळी याच विणीची. गुंफण सर्वांत जास्त असल्याने धागे जागच्या जागी जखडलेले राहतात. म्हणूनच असे कापड एकदा फाटू लागले की एकेक धागा तुटत सरळ टर्रकन फाटते. ट्विलमध्ये गुंफण दर ओळीला एका धाग्याने सरकते आणि तिरप्या रेघा दिसतात. इथे धागे थोडे हलू शकतात, एकत्र येऊन ताण झेलतात, त्यामुळे ट्विल फाडणे अवघड. जीन्सचे डेनिम हे ट्विलच. त्यात ताणा निळा, बाणा पांढरा आणि वरच्या अंगाला ताणा जास्त, म्हणून पँट बाहेरून निळी, आतून फिकी. साटीनमध्ये धागे बऱ्याच अंतरापर्यंत मोकळे तरंगतात. त्यातून झळाळी येते, पण तेच धागे बांगडीत अडकून ओढलेही जातात.

महाराष्ट्रात या विणींची उत्तम उदाहरणे आहेत. सोलापुरी टॉवेलला दोन ताणे लागतात. एक घट्ट, तो पोत धरतो; दुसरा सैल, त्याचे फासे वर उभे राहतात आणि पाणी शोषतात. येवल्याच्या पैठणीत रंगीत बाणा नक्षीपुरताच जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून परत फिरतो, म्हणून पदराच्या मागे सुटे धागे लोंबत नाहीत. कांद्यासाठी वापरतात त्या लेनो विणीच्या जाळीदार पिशवीत शेजारचे दोन ताणे एकमेकांना पीळ देऊन बाणा पकडतात. छिद्रे मोठी ठेवूनही धागे सरकत नाहीत आणि आतल्या मालाला हवा मिळते. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाने ही पिशवी शेकडो वेळा उचललेली असते. तिच्यामागे अभियांत्रिकीची एक पूर्ण शाखा आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

होजियरीत ताणा-बाणा नसतो, फाशात फासा गुंतवलेला असतो. ओढला की फासा लांबतो, सोडला की परत येतो. टी-शर्टचा ताण तिथून. एक फासा तुटला तर त्या उभ्या रांगेतले फासे उसवत जातात. शेडनेटही फाशांचेच, पण त्यात प्रत्येक धागा शेजारच्याशी बांधलेला असल्याने ते कापले तरी उसवत नाही. न विणलेल्या कापडात सूतच लागत नाही. तंतूंचा थर उष्णतेने चिकटवतात किंवा सुयांनी टोचून गुंतवतात. कलिंगडावर टाकायचे क्रॉप कव्हर, मास्क आणि रस्त्याच्या भरावाखालचे जिओटेक्स्टाइल या जातीचे.

पालकांची भीती निराधार नाही. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या उठल्या आणि ‘कापडात राम नाही’ हे घराघरांत बसले. पण गिरणगाव म्हणजे सगळा वस्त्रोद्योग नव्हे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी बसवला आणि ते शहर आजही मागांवरच चालते. न्हावऱ्याजवळच्या रांजणगावात मोटारी बनतात. मोटारीतला सीटबेल्ट ही पॉलिएस्टरची अरुंद, दाट विणलेली पट्टी आणि एअरबॅग हे नायलॉनचे कापड. अशा तांत्रिक वस्त्रांसाठी केंद्र सरकारने 2020 साली 1,480 कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले.

या पट्ट्यातली सर्वांत महागडी चूक म्हणजे कमी गुणांवर कॉम्प्युटरचा हट्ट. मुलाला प्रोग्रॅमिंगची गोडी नसताना व्यवस्थापन कोट्यातून जागा घेणे आणि त्यासाठी जमीन विकणे किंवा गहाण टाकणे याला महत्त्वाकांक्षा म्हणत नाहीत. तो भावकीतल्या बरोबरीचा खर्च असतो आणि त्याचे ओझे मुलाच्या मानेवर येते. मुलींना ‘सोयीचे’ म्हणून फॅशन डिझाइनच्या कुठल्याही खासगी वर्गात घालणे हीही तशीच चूक. ज्याला वीण कळत नाही त्याचे रेखाचित्र शिवणयंत्रापर्यंत टिकत नाही.

वस्त्रतंत्रज्ञान सर्वांसाठी आहे, असेही नाही. मागांच्या शेडमध्ये कानठळ्या बसतात, सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात आणि सुरुवातीला पाळ्या कराव्या लागतात. हे ज्याला नको, त्याने तिकडे जाऊ नये. ज्याला भौतिक आणि रसायनशास्त्र हाताने करून पाहायला आवडते, त्याला कताई, विणाई, रंगाई, गुणवत्ता तपासणी, यंत्रनिर्मिती, निर्यातदारांसाठी मालाची पारख अशी कामे खुली होतात.

प्रवेशाचा मार्ग परिचितच आहे: बारावी विज्ञान, एमएचटी-सीईटी, नंतर केंद्रीभूत प्रवेशफेऱ्या. इचलकरंजीची डीकेटीई, मुंबईची 1887 साली स्थापन झालेली व्हीजेटीआय आणि नांदेडची श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्था येथे वस्त्रतंत्रज्ञानाची पदवी आहे. ज्याचा ओढा रंगाई आणि रसायनांकडे, त्याच्यासाठी मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी). दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.