शौलाचे चिलखत आणि दोन होड्या

अभ्यासपाठ
शास्त्रपाठ : १ शमुवेल १७:३८–४०, लूक ५:१–११, लूक १४:२८–३०



नर्मदाकाठच्या एका आदिवासी मासेमारी गटाला इंजिनाची होडी घेऊन द्यावी, म्हणून आपल्या मंडळ्यांनी अर्पण गोळा केले. आता अ‍ॅल्युमिनियमच्या दोन होड्या समोर आहेत आणि त्यांतली एक निवडायची आहे. हा प्रश्न केवळ खरेदी समितीचा नाही. ज्याला द्यायचे त्याच्या हाताला काय पेलेल हे पाहून देणे, हा ख्रिस्ती कारभारीपणाचाच भाग आहे. म्हणून या तिमाहीचा पाठ याच निवडीवर घेतला आहे. महिला मंडळे, तरुण संघ व घरगुती प्रार्थनासभा यांनी तो एकत्र वाचावा.

१. आधी पाणी ओळखू

सरदार सरोवराच्या जलाशयाने महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी (धडगाव) या तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. धरणाची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी प्रथमच तिथवर चढले. काही भिल्ल व पावरा कुटुंबे पुनर्वसनाच्या गावी गेली, तर काही डोंगरउतारावर वर सरकून काठावरच राहिली. जिथे शेत होते तिथे पाणी आले आणि नांगर धरणाऱ्या हातांनी जाळे धरले.

हे पाणी बाराही महिने सारखे नसते. पावसाळ्यानंतर ते नाल्यांच्या खोऱ्यांत आतवर शिरते. पातळी उतरली की मागे सरते आणि काठाला चिखल व दगडगोटे उरतात. बुडालेल्या झाडांचे बुंधे पाण्याखाली दडलेले असतात. डोंगरांमधल्या मुख्य पात्रात वाऱ्याला लांबवर मोकळी वाट मिळते आणि लाटा उठतात. बाजूच्या खोऱ्यांत पाणी त्यामानाने शांत असते. आपला गट जाळी लावतो ती मुख्यतः अशा बाजूच्या खोऱ्यात.

२. दोन होड्यांची ओळख

पहिली होडी १४ फुटी आहे. तिचा तळ चपटा असून पत्रे रिव्हेटने जोडलेले आहेत. तिला १० अश्वशक्तीचे इंजिन पुरते. रिकामी होडी १०० किलोंच्या आतबाहेर भरते, त्यामुळे इंजिन उतरवून चार-पाच जण ती चिखलावरून ओढू शकतात. ती उथळ पाण्यात चालते आणि दोघे उभे राहून जाळे ओढू लागले तरी लगेच कलत नाही. तिचा दोष असा की लाटा आल्या की चपटा तळ पाण्यावर आपटतो, वेग कमी करावा लागतो आणि पाणी आत उडते.

दुसरी १६ फुटी आहे. तिचा तळ मधोमध निमुळता आणि खोल आहे, जोड वेल्डिंगचे आहेत आणि इंजिन २५ अश्वशक्तीचे आहे. ती लाटा कापत जाते, जास्त माल घेते आणि वेगाने पोहोचते. दिसायलाही ती भक्कम व देखणी आहे. छायाचित्रे पाहून पुष्कळांनी तिलाच पसंती दिली. पण तिचे वजन पहिलीच्या दुपटीहून अधिक आहे आणि तिला उभे राहायला खोल पाणी लागते.

दोन्ही होड्यांना लागू पडणाऱ्या काही गोष्टी आहेत. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचे असते, लाकडासारखे कुजत नाही आणि गोड्या पाण्यात रंगाशिवाय टिकते. मात्र तांबे असलेला रंग त्याला कधी लावू नये. त्याने पत्रा खाल्ला जातो. पत्रा भांड्यांचा नव्हे, तर ५०५२ किंवा ५०८३ अशा पाण्यात टिकणाऱ्या प्रतीचा आहे ना, आणि तो किती मिलिमीटर जाड आहे, हे विक्रेत्याला विचारावे. आसनांखाली बंदिस्त फोम हवाच. फोम नसेल तर पाण्याने भरलेली धातूची होडी सरळ तळाला जाते. इंजिनाच्या दांड्याची लांबी, १५ इंच किंवा २० इंच, होडीच्या मागच्या फळीच्या उंचीशी जुळली पाहिजे. नाहीतर पंखा हवा तरी ओढतो किंवा नको तितका खोल राहतो.

३. बसून खर्च मोजणे

बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून हिशेब करावा, असे प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात शिकवले. होडीचा हिशेब खरेदीच्या दिवशी संपत नाही. पेट्रोल इंजिन पूर्ण वेगात दर १० अश्वशक्तीमागे तासाला सुमारे ४ लिटर इंधन पिते. दिवसात दोन तास असे चालले, तर पहिल्या होडीला ८ लिटर आणि दुसरीला सुमारे २० लिटर लागते. पेट्रोल लिटरला १०० रुपये धरले तर ८०० रुपये आणि २,००० रुपये. वेग निम्मा ठेवला तर दोन्ही आकडे बरेच खाली येतात, पण त्यांतले अंतर राहतेच. जाळ्यात थोडीच मासळी आली, तर हा फरक घरच्या भाकरीतून भरावा लागतो.

दुरुस्तीचाही विचार करू. रिव्हेट सैल होऊन पाणी झिरपू लागले, तर एकाने आतून आधार धरायचा व दुसऱ्याने बाहेरून हातोडीने ठोकायचे. हे काम काठावर शिकता येते. वेल्डिंगला तडा गेला, तर आर्गॉन वायूचे यंत्र आणि अ‍ॅल्युमिनियम जोडणारा कारागीर लागतो. तो शोधायला होडी गाडीवर घालून शहरात न्यावी लागेल आणि तितके दिवस गट काठावर बसून राहील.

गालील समुद्राचे पाणी १९८६ साली दुष्काळाने ओसरले, तेव्हा चिखलात एक प्राचीन मचवा सापडला. तो प्रभूच्या काळाच्या आसपासचा आहे. सुमारे ८ मीटर लांबीच्या त्या मचव्यात दहाहून अधिक जातींचे लाकूड निघाले. मिळेल त्या लाकडाने तो पुन्हा पुन्हा दुरुस्त केला होता. मासेमारी करणाऱ्या गरिबाची होडी तेव्हाही अशीच टिकत असे.

४. शौलाचे चिलखत

दावीद गल्याथाशी लढायला निघाला, तेव्हा शौल राजाने आपले शिरस्त्राण व चिलखत त्याच्या अंगावर चढवले. शौलाचा हेतू वाईट नव्हता. आपल्याजवळचे उत्तम तेच त्याने दिले. पण दाविदाला त्यात चालता येईना, कारण त्याला त्याची सवय नव्हती. त्याने ते उतरवले आणि ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे व गोफण घेतली. दाविदाने नाही म्हटले आणि राजाने ते ऐकले, याकडे आपले क्वचितच लक्ष जाते.

देणारे आपण शौलाच्या जागी आहोत. म्हणून समितीने गटातील भावांना व बहिणींना विचारले : होडी कोठे उभी कराल? उन्हाळ्यात पाण्यापर्यंत कशी न्याल? इंजिन कोण उघडेल? त्यांनी पहिली होडी मागितली. मोठी होडी चांगली आहे, पण पाणी उतरले की ती चिखलात रुतून बसेल, असे त्यांचे म्हणणे पडले.

५. भरलेली होडी

लूकच्या पाचव्या अध्यायात दोन मचवे मासळीने इतके भरले की ते बुडू लागले. आशीर्वादालाही होडीची मर्यादा असते. २०१९ च्या मकर संक्रांतीच्या सणात धडगाव तालुक्यातील भुषा येथे गर्दीने भरलेली होडी नर्मदेत उलटली आणि आदिवासी बांधवांचे प्राण गेले. जिथे रस्ता नाही तिथे मासेमारीची होडीही आजारी माणसाला, बाजाराला निघालेल्या बाईला आणि शाळेच्या पोरांना नेऊ लागते. त्यांना नाही म्हणणे कठीण असते. मोठी होडी दिली तर गर्दीही तशीच वाढेल, हे धरून चालावे.

म्हणून गटाशी पुढील गोष्टी ठरल्या आहेत. होडीत चारांहून अधिक माणसे बसणार नाहीत आणि हा आकडा दोन्ही बाजूंना ठळक रंगवला जाईल. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असेल. इंजिन बंद पाडणारी दोरी चालकाच्या मनगटाला बांधलेली असेल, म्हणजे तो पाण्यात पडला तर होडी पुढे पळणार नाही. दोन वल्ही नेहमी बरोबर राहतील. वारा सुटलेला असताना ही होडी मुख्य पात्रात जाणार नाही. या शेवटच्या अटीमुळे काही दिवसांची मासळी बुडेल. गटाने ते समजून मान्य केले आहे.

समितीचा निर्णय

पहिली, म्हणजे १४ फुटी होडी घ्यायचे ठरले आहे. दोन्हींच्या किमतीत जो फरक राहतो, त्यातून लाइफ जॅकेट, एक जादा पंखा, स्पार्क प्लग, रिव्हेट व हत्यारे घेतली जातील आणि गटातील दोन तरुणांना इंजिनाची देखभाल शिकवली जाईल. पुढील अंकात तुम्हांला मोठ्या, चकचकीत होडीचे छायाचित्र दिसणार नाही. तुमचे अर्पण कमी पडले म्हणून लहान होडी घेतली, असे कृपया कोणी समजू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. दाविदाला चिलखत उतरवणे का शक्य झाले? आपली मदत घेणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असते का?
२. आपल्या मंडळीने दिलेली एखादी वस्तू आज कोठे आहे व चालू आहे का, याची चौकशी करा.
३. वस्तूसाठी अर्पण मिळते, पण तिच्या देखभालीसाठी मिळत नाही, असे का होते?

प्रार्थना

हे प्रभू, तू शिमोनाच्या मचव्यात बसलास आणि त्याची रिकामी जाळी पाहिलीस. नर्मदाकाठच्या आमच्या भावाबहिणींना पाण्यावर सांभाळ. त्यांच्या जाळ्यांना मासळी दे आणि सांजवेळी प्रत्येकाला घरी सुखरूप आण. देताना ऐकून घेण्याची नम्रता आम्हांला दे. आमेन.