मातीचें पदक

दागिना म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें सोनें, चांदी आणि मोतीं हींच उभीं राहतात. ज्या मातीवरून आपण रोज चालतों तिचाहि दागिना होतो, असें कोणी म्हटलें तर आपण हंसतों. गेल्या वर्षीं हस्तव्यवसायाच्या तासास गळ्यांत घालावयाचें मातीचें पदक करण्याचें ठरलें, तेव्हां आमच्या वर्गांतहि असाच हंशा पिकला. पुढें तीं पदकें कशीं फुटलीं, कां फुटलीं व अखेर कशीं साधलीं, हें सांगितल्यास ज्यांना करून पाहण्याची हौस असेल त्यांचे श्रम वांचतील, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

मातीचें पदक ही कांहीं नवी टूम नव्हे. धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव म्हणजे प्राचीन तगर नगर. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं येथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे, आणि अशा व्यापारामुळें रोमन नाणीं आपल्या देशांत येत असत. तेर येथें त्या नाण्यांच्या नमुन्यावरून घडविलेलीं मातीचीं पदकें सांपडलीं आहेत. दोरा ओवतां यावा म्हणून अशा पदकांस भोंक अथवा कडी ठेवीत. तेलंगणांतील कोंडापूर येथेंहि तशीं पदकें मिळालीं. ज्यास सोन्याचें नाणें गळ्यांत बांधणें शक्य नव्हतें त्यानें मातीचें बांधलें असावें, असा तर्क सहज मनांत येतो.

इतक्या दूर जावयासहि नको. आपल्या नागपुराजवळचें माहूरझरी हें गांव प्राचीन मण्यांसाठीं प्रसिद्ध आहे. १९७० ते १९७२ या काळांत डॉ. शां. भा. देव यांनीं तेथील शिळावर्तुळांचें उत्खनन केलें. अकीकासारख्या दगडांचे सुबक मणी त्या परिसरांत घडविले जात. म्हणजे गळ्यांतील अलंकार हातानें करण्याची कला या भागांत दोन हजार वर्षांहून जुनी आहे. अशींच शिळावर्तुळें टाकळघाट येथें आहेत. १८४५ सालीं नागपुरास आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे खडकांचे व जीवाश्मांचे मोठे अभ्यासक होते. १८६३ च्या सप्टेंबर महिन्यांत टाकळघाट येथील उत्खनन पाहून परततांना पुराच्या पाण्यांत त्यांचा अंत झाला. दगड हातीं आला कीं तो कोठून आला हें विचारणें हा भूशास्त्रज्ञाचा धर्म होय. आपणहि प्रथम आपल्या मातीस तोच प्रश्न विचारूं.

माती

नागपूरच्या पश्चिमेस पसरलेला काळा खडक हा सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा आहे. तो झिजून काळी माती झाली. कापसास व संत्र्यास ही माती मानवते. परंतु कुंभारास ती एकटी पुरत नाहीं. तिचे कण अत्यंत बारीक असून ते पापुद्र्यापापुद्र्यांचे असतात. पाणी या पापुद्र्यांच्या आंत शिरलें कीं माती फुगते, निघून गेलें कीं आंखडते. वैशाखांत शेतांना पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेंच.

हें सारें भूगोलाच्या पुस्तकांत आम्हीं शिकविलें होतें. तरी हस्तव्यवसायाच्या तासाला तें आमच्याच ध्यानांत आलें नाहीं. मैदानाच्या कोपऱ्यांतील काळी माती आणून, भिजवून, चाळीस मुलांनीं चाळीस पदकें केलीं आणि तीं एप्रिलच्या उन्हांत गच्चीवर वाळत घातलीं. तिसऱ्या दिवशीं पाहतों तों चार-पांच सोडून सर्व तडकलेलीं! मुलें हिरमुसलीं. आम्हीं मातीस दोष दिला.

तेव्हां मागच्या बांकावरील एक विद्यार्थी हळूच म्हणाला, "गुरुजी, ही माती नुसती चालत नाहीं. तिच्यांत रेती आणि राख घालावी लागते."

"तुला रे कसें ठाऊक?" आम्हीं विचारलें.

तो खालीं पाहूं लागला. मग म्हणाला, "आजोबा चाकावर बसतात." दोघे-तिघे हंसले. त्याचें घर कुंभाराचें आहे हें त्यानें दोन वर्षांत कोणास कळूं दिलें नव्हतें. हंसणाऱ्यांस आम्ही कांहीं बोललों नाहीं. दुसऱ्या दिवशीं सारा वर्ग घेऊन त्याच्या आजोबांकडे गेलों. पुढील पाठ त्यांचा आहे; आम्हीं तो केवळ लिहून घेतला.

माती तयार करणें

तलावाचा अथवा नदीचा गाळ उत्तम. तो फोडून, खडे व मुळ्या काढून, एक रात्र पाण्यांत भिजवावा. दुसऱ्या दिवशीं ढवळून पातळ फडक्यांतून गाळावा व खालीं बसूं द्यावा. वरचें पाणी ओतून टाकावें आणि राहिलेली लापशी कोरड्या विटांवर पसरून घट्ट होऊं द्यावी. नंतर तिच्यांत बारीक चाळलेली रेती मिसळावी. चार वाट्या मातीस एक वाटी रेती घालून आरंभ करावा व अनुभवानें कमीजास्त करावी. कुंभार राख व घोड्याची लीदहि घालतात. रेती आंखडत नाहीं, म्हणून ती मातीचें आंखडणें आवरते. लीदींतील तुसाच्या काड्या भाजतांना जळून जातात व वाफेस वाट ठेवतात.

माती झाली कीं नाहीं याची परीक्षा सोपी आहे. करंगळीएवढी जाड वळी करून ती बोटाभोंवतीं गुंडाळावी. तिला चिरा पडल्या तर माती आणखी मळावी किंवा थोडें पाणी लावावें. बोटांस चिकटली तर थोडी सुकूं द्यावी. दुसरी परीक्षा गणिताची आहे. मातीची एक पट्टी करून तिच्यावर १०० मिलिमीटर लांबीची रेघ ओढावी. पट्टी पूर्ण वाळल्यावर रेघ पुन्हां मोजावी. ती ९२ भरली तर माती शेंकडा ८ आंखडली. पदक केवढें करावयाचें व भोंक केवढें ठेवावयाचें, हें या हिशेबावरून ठरवावें.

येथें एक सूचना करून ठेवतों. दुकानांत पॉलिमर क्ले या नांवानें जे रंगीत गोळे मिळतात ती माती नव्हे. तें एक प्रकारचें प्लॅस्टिक आहे. त्याचे अलंकार सुंदर होतात, पण हा पाठ त्याला लागू नाहीं.

आकार देणें

मळलेला गोळा ओल्या फडक्यावर ठेवून दोन्ही बाजूंस सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या ठेवाव्या आणि त्यांवरून लाटणें फिरवावें, म्हणजे पोळी सर्वत्र सारखी होते. जाडी ४ ते ५ मिलिमीटर असावी. जाड-पातळ झाल्यास पातळ भाग आधीं वाळून आंखडतो, जाड भाग मागें राहतो, आणि दोहोंच्या ओढाताणींत पदक तडकतें. डबीच्या झांकणानें वाटोळे तुकडे कापावे व कडा ओल्या बोटानें गुळगुळीत कराव्या. नक्षीसाठीं कडुलिंबाचें पान, ज्वारीचें कणीस, जुनें बटण, जें हाताशीं असेल तें हलकेंच दाबावें. तेरच्या कारागिरांचें स्मरण म्हणून आमच्या कांहीं मुलांनीं नाण्याचा ठसा उमटविला.

भोंक माती ओली असतांनाच पाडावें. तें कडेपासून निदान ६ मिलिमीटर आंत असावें, नाहींतर दोऱ्याच्या ओढीनें कड तुटते. सायकलीचा जुना आरा यासाठीं चांगला; तो फिरवीत आरपार न्यावा व दुसऱ्या बाजूची कोर पुसून घ्यावी. आंखडण्याचा विचार करून भोंक हवें त्याहून किंचित् मोठें ठेवावें.

वाळवणें

आमची पदकें फुटलीं तीं मुख्यतः येथें. माती निवडण्यांत चूक होतीच, पण त्याहून मोठी चूक घाईची होती. आजोबांनीं फुटके तुकडे हातांत घेतले, उलटून पाहिले आणि म्हणाले, "मातीले घाई सोसत नाही, गुरुजी."

पदकें सावलींत, वारा न लागेल अशा जागीं, कोरड्या फळीवर ठेवावीं. पहिले दोन दिवस वर फडकें झांकावें. रोज एकदां उलटावीं, म्हणजे दोन्ही अंगें सारखीं वाळतात व कडा वर वळत नाहींत. पदक चामड्यासारखें घट्ट झालें, नख रुतेना, पण स्पर्शास गार लागतें, अशा वेळीं गुळगुळीत गोट्यानें तें घासावें. अंगास सुंदर तकाकी येते. लाल रंग हवा असल्यास घासण्यापूर्वीं गेरूचें पातळ पाणी लावावें. आठवडाभर तरी वाळूं द्यावें. गालास लावून पाहिल्यावर गार लागेनासें झालें म्हणजे तें वाळलें असें समजावें.

भाजणें

महालांतील चितारओळींत गणपतीच्या मातीच्या मूर्ति होतात त्या आपण पाहिल्या असतील. त्या भाजीत नाहींत, कारण त्यांना पाण्यांत विरावयाचें असतें. पदकास विरावयाचें नाहीं. एक वाळलेलें व एक भाजलेलें पदक पाण्याच्या वाटींत टाकून पाहा. थोड्याच वेळांत पहिल्याचा चिखल होईल, दुसरें तसेंच राहील. हा फरक अग्नीनें केला. वाळलेल्या मातींतहि थोडा ओलावा असतो; १०० अंशांवर त्याची वाफ होते, आणि आंच एकदम वाढविली तर ती वाफ पदक फोडून बाहेर पडते. पुढें सुमारें ५०० ते ६०० अंशांवर मातीच्या घडणींतच बांधलेलें पाणी निघून जातें. त्यानंतर तिचा पुन्हां चिखल होत नाहीं.

आजोबांनीं आमचीं पदकें एका मडक्यांत घालून, पणत्यांबरोबर आपल्या आव्यांत ठेवलीं. गोंवऱ्या व तनस रचून वर खापऱ्या झांकल्या. आरंभीं मंद धूर, मग हळूहळू आंच, आणि रात्रभर जळल्यानंतर दुसऱ्या दिवशीं तो आपोआप निवेपर्यंत कोणी हात लावावयाचा नाहीं. ज्या पदकांस मोकळी हवा मिळाली तीं मातींतील लोहामुळें तांबडीं झालीं. जीं धुरांत कोंडलीं तीं काळीं झालीं. भाजण्याचें काम मुलांनीं घरीं चुलीवर मुळींच करूं नये. जवळच्या कुंभारदादांस विनंति करावी. पदक निवल्यावर नखानें वाजवून पाहावें. खणखणीत वाजलें तर पक्कें. बद्द वाजलें तर आंत चीर आहे.

उपसंहार

दुसऱ्या खेपेस चाळीसांपैकीं छत्तीस पदकें साधलीं. त्या खेपेस भोंकें पाडावयास सर्वांनीं त्या विद्यार्थ्याकडेच धांव घेतली. हंसणारे दोघे-तिघे रांगेंत पुढें होते. इतके दिवस मान खालीं घालून बसणारा मुलगा फळ्यापाशीं उभा राहून माती कशी मळावी हें दाखवीत होता, आणि आम्ही त्याच्या बांकावर बसून पाहत होतों.

निरोप घेतांना आजोबांस आम्हीं विचारलें, नातवानें चाक धरावें असें आपणांस वाटतें काय? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोरानं तं सोडलंच. हा चाकावर बसो का न बसो, पण चाकाले लाजू नये, एवढंच." चाक पुढें फिरेल कीं नाहीं हें आमच्या हातीं नाहीं. परंतु ज्या घरांतून ज्ञान येतें त्या घराचें नांव सांगतांना कोणा मुलाची मान खालीं जाऊं नये, हें मात्र प्रत्येक वर्गाच्या हातीं आहे.

बालमित्रहो, सुट्टींत पदक अवश्य करून पाहा. तडकलें तर निराश होऊं नका आणि मातीस दोषहि देऊं नका. आपण कोठें घाई केली तें पाहा. आणि पदक साधलें तर पाठीमागें आपलें नांव कोरून ठेवा. त्या विद्यार्थ्यानें आपल्या पदकामागें दोन नांवें कोरलीं आहेत: एक स्वतःचें आणि एक आजोबांचें.