पोर्तुगीज भाषेंतील एक संधि

विद्यार्थिमित्रांनो, नेरसारख्या वऱ्हाडांतील गांवीं पोर्तुगीज व्याकरणाचा विषय काढलेला पाहून तुम्हांस नवल वाटेल. परंतु आपण रोज कुलुपास जी चावी लावतों तो शब्द मूळचा पोर्तुगीजच आहे. तिकडे तिला 'शावे' म्हणतात.

त्या भाषेंत नामापूर्वीं उपपद येतें: पुल्लिंगीं 'ओ', स्त्रीलिंगीं 'आ'. आपलीं शब्दयोगी अव्ययें नामाच्या मागून येतात. तेथें तीं आधीं येतात, व मध्यें उपपद असल्यास त्याशीं एकरूप होतात. 'दे' म्हणजे 'चा'. 'दे' व 'ओ' मिळून 'दो', 'दे' व 'आ' मिळून 'दा'. 'एम्' म्हणजे 'आंत'. त्याचीं रूपें 'नो' आणि 'ना'. इंग्रजींत असे दोन शब्द वेगळे लिहितात. येथें जोडणें आवश्यक आहे.

आतां 'खोलीची चावी' हे शब्द घ्या. चावी स्त्रीलिंगी, म्हणून मराठी विद्यार्थी 'दा' लिहितो आणि चुकतो. शुद्ध रूप 'शावे दो क्वार्तो'. कारण खोली या अर्थाचा 'क्वार्तो' हा शब्द पुल्लिंगी आहे. दोन्ही भाषांत हें रूप पुढील नामाचेंच लिंग घेतें. मात्र मराठींत पुढें वस्तु असते, पोर्तुगीजांत तिचा धनी. एवढें ध्यानीं धरल्यास चूक होणार नाहीं.

'अफोंसो दे आल्बुकर्क' या नांवांत उपपद नाहीं, म्हणून 'दे' सुटा राहिला. 'वास्को दा गामा' यांत तो उपपदाशीं मिसळला. हा 'दा' आपल्या 'राव'प्रमाणें आदरार्थी असावा, असें आम्हीं एकदां वर्गांत सांगितलें होतें. ती आमची चूक येथें कबूल करतों.

ती चूक आमच्या ध्यानीं आली ती एका ग्रंथाच्या नांवावरून. फादर स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापलें गेलें. त्यांनीं कोंकणीचें व्याकरण पोर्तुगीजांत लिहिलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० सालीं, रायतूर येथें छापलें. त्याचें नांव 'आर्ते दा लिंग्वा कानारीं'. 'लिंग्वा' म्हणजे भाषा. ती स्त्रीलिंगी, म्हणून 'दा'. ग्रंथास कोणी 'राव' म्हणत नाहीं, हें तेव्हां आम्हांस उमगलें!

तेव्हां मित्रांनो, परभाषा वाचतांना मोठ्या शब्दांमागें धांवून लहान शब्द वगळूं नका. कोण कोणाचा, हें तेच सांगतात.