थोरल्याच्या घरी धाकटे

टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. एक वर चढू लागला की बाकीचे त्याला खाली ओढतात, म्हणून त्या टोपलीला झाकण लागत नाही म्हणे. शंखात राहणारे खेकडे पाळू लागल्यापासून मला राग येतो तो त्या टोपलीचा. तिथे लपायला कोपरा नाही, पाणी नाही, अंगाला अंग लागल्याशिवाय हलता येत नाही. अशा जागी कुणीही कुणाचाही पाय धरेल.

आमच्या गारखेड्यातल्या घरात बरीच वर्षं एक शंखवाला खेकडा आहे. आम्ही त्याला थोरला म्हणतो. पुढे एका ओळखीच्या कुटुंबाची बदली झाली आणि त्यांचे दोन लहान खेकडे आमच्याकडे आले. हे सगळे जमिनीवर राहणारे, कोइनोबिटा या गटातले. दुकानात ‘हर्मिट क्रॅब’ या नावाने मिळणारे. जुन्याच्या घरात नव्यांना आणताना जे शिकायला मिळालं, ते छत्रपती संभाजीनगरसारख्या कोरड्या गावात राहणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून इथे लिहिते आहे.

१. सोबत हवीच, पण ती दुकानातून नको

हा प्राणी एकटा राहणारा नाही. समुद्रकाठी तो मोठ्या घोळक्यात राहतो, एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतो. त्यामुळे थोरल्याला सोबत हवी हे खरंच होतं. पण दुकानातला जवळजवळ प्रत्येक खेकडा कुठल्यातरी किनाऱ्यावरून उचललेला असतो. मादी अंडी समुद्रात सोडते, पिल्लं कित्येक आठवडे पाण्यात तरंगत वाढतात आणि मग शंख शोधून जमिनीवर येतात. घरच्या काचपेटीत हे घडवून आणणं अतिशय अवघड. आपण एक विकत घेतला की किनाऱ्यावरून आणखी एक उचलला जातो. जपानने या खेकड्यांना १९७० मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा दिला, तो उगाच नाही.

दुसरीकडे, नीट सांभाळला तर हा खेकडा तीस वर्षंही जगू शकतो. मुलांच्या हट्टापायी आणलेला खेकडा मुलं मोठी झाली की अनेक घरांत अडगळीत पडतो. अशा घरांतून नवा सोबती आणावा. थोरल्याला सोबत मिळते आणि त्या जिवालाही घर मिळतं.

२. आधी आपल्या गावची हवा ओळखा

जमिनीवर राहत असला तरी हा खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो, आणि कल्ले ओले राहायला हवा दमट लागते. पेटीतली आर्द्रता ७५ ते ८५ टक्के आणि तापमान २४ ते ३० अंश असावं. आपलं शहर दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास घसरते. डिसेंबरच्या रात्री पारा १० अंशांकडे उतरतो. कोकणात सहज जगणारा प्राणी इथे उघड्या पेटीत हळूहळू गुदमरतो.

म्हणून जाळीचं झाकण काढून काचेचं बसवावं आणि आत हायग्रोमीटर ठेवावा. खोलीतल्या कूलरवर भिस्त ठेवू नये. वीज गेली की तो बंद, आणि पेटीतली हवा मात्र रात्रंदिवस सारखीच हवी. थंडीत ऊब देणारी पट्टी पेटीच्या बाजूच्या काचेला लावावी, तळाला नव्हे, कारण खेकडे खाली पुरून बसलेले असतात. नवा पाहुणा येण्याआधी निदान दोन आठवडे काटा जागेवर स्थिर राहिलेला पाहावा. प्रवासाने दमलेल्या खेकड्याला कोरडी हवा सर्वांत आधी मारते.

३. पाणी दोन भांड्यांत, आणि क्लोरीनशिवाय

आपल्याकडे जायकवाडीचं पाणी पैठणहून येतं आणि नळाला काही दिवसांच्या अंतराने. टाक्या भरून ठेवणं अंगवळणी पडल्यामुळे साठवलेलं पाणी आपोआप निर्धोक झालं असं वाटतं. तसं धरून चालू नये. नळाचं असो की टँकरचं, प्रत्येक पाण्यात अँटीक्लोरीनचे थेंब टाकावेत. माशांच्या दुकानात ते मिळतं. क्लोरीन कल्ल्यांना जाळतो.

एक भांडं गोड्या पाण्याचं, एक खाऱ्या. खाऱ्या पाण्यासाठी स्वयंपाकाचं आयोडीनयुक्त मीठ चालत नाही. समुद्री माशांच्या टाकीसाठी मिळणारं मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम घ्यावं. खेकडा शंखात पाणी भरून नेतो आणि दोन्ही पाण्यांतून अंगाला लागेल तेवढा खारेपणा राखतो. नवे दोघे आले तेव्हा आम्ही दोन्ही भांडी मोठी घेतली आणि आत दगडांच्या पायऱ्या रचल्या. थोरल्यासाठी खोल असलेल्या भांड्यात धाकटा चढता न येऊन बुडू शकतो.

४. थोरला वाळूखाली असेल तर पाहुण्यांनी थांबावं

सगळ्यांत मोठा धोका इथे आहे. वाढताना खेकडा कात टाकतो, त्यासाठी वाळूत खोल पुरून घेतो आणि कित्येक आठवडे, मोठा असेल तर दोन महिने किंवा त्याहून जास्त, वर येत नाही. त्या काळात त्याचं अंग मऊ असतं, नांग्यांत जोर नसतो. वरून खणत आलेला दुसरा खेकडा त्याला खाऊही शकतो. थोरल्याच्या अंगात बळ असेल, वय असेल, पण कात टाकताना तो घरातला सर्वांत दुबळा जीव असतो.

म्हणून वाळूचा थर सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या निदान तिप्पट आणि सहा इंचांपेक्षा कमी नको. पाच भाग धुतलेली, चाळलेली वाळू आणि एक भाग नर्सरीत मिळणारं खतविरहित कोकोपीट असं मिश्रण आम्ही वापरतो. मुठीत दाबल्यावर आकार धरेल इतकं ओलं हवं; पाणी गळू नये. थोरला वर येऊन, आपली जुनी कात खाऊन, पुन्हा नेहमीसारखा फिरू लागेपर्यंत नव्यांना दुसऱ्या पेटीत ठेवावं. तो मेला की जिवंत आहे हे पाहायला वाळू उकरू नये. आमच्या घरी या वाट पाहण्याने सगळ्यांचीच परीक्षा पाहिली, पण दुसरा मार्ग नाही.

५. भांडण बहुतेक वेळा शंखाचं असतं

या खेकड्याचं पोट मऊ आणि उजवीकडे वळलेलं असतं, त्याला शंखाशिवाय संरक्षण नाही. शंख त्याला स्वतः बनवता येत नाही, दुसऱ्याचा रिकामा झालेलाच मिळवावा लागतो. बेलीझच्या किनाऱ्यावर केलेला या प्राण्यांच्या रांगेचा अभ्यास संशोधक रँडी रॉटजन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. चांगला रिकामा शंख सापडला की खेकडे मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लावतात. पहिला नव्या शंखात शिरला की मागचे एकामागून एक आपापलं घर बदलतात. मार्क लेडर यांनी २०१२ मध्ये कोस्टारिकातल्या खेकड्यांबद्दल त्याहून महत्त्वाची गोष्ट मांडली. जमिनीवरचे खेकडे शंख आतून कोरून हलका आणि ऐसपैस करतात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या शंखांना तिथे मागणी असते. अशा घरासाठी प्रत्येकाला दुसऱ्याची गरज पडते.

त्यामुळे नवे येण्याआधी पेटीत प्रत्येकी चार-पाच जादा शंख ठेवावेत, गोल तोंडाचे, आताच्या शंखापेक्षा थोडे मोठे आणि थोडे लहानही. रंगवलेले शंख नकोत. रंगाचे पापुद्रे पोटात जातात. किनाऱ्यावरून वेचूनही आणू नयेत, कारण तो तिथल्या खेकड्यांचा घरसाठा असतो, आणि काही शंखांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षणही आहे.

आपल्या मराठवाड्यात एक वेगळी सोय आहे. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं फस्त केली होती. या आफ्रिकन गोगलगायीचा शंख जपानच्या बेटांवरचे जमिनीवरचे खेकडे आनंदाने वापरतात. ज्या बांधावर औषध टाकलेलं नाही, तिथलेच रिकामे शंख घ्यावेत, हातमोजे घालून उचलावेत आणि भरपूर उकळून मगच पेटीत ठेवावेत. गोगलगायींतून माणसाला परोपजीवींचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून ही काळजी.

६. ओळख वासाने होते

नव्यांना दोन-तीन आठवडे वेगळ्या पेटीत ठेवावं. तिथेही हवा, पाणी, वाळू सगळं तसंच हवं. प्लास्टिकच्या कोरड्या डब्यात ठेवणं म्हणजे काळजी नव्हे, शिक्षा. या काळात अंगावर बारीक माइट्स फिरतात का, पाय गळतात का, ते पाहावं. हे खेकडे मिशांनी वास घेत जग ओळखतात. म्हणून सोडायच्या दिवशी जुन्या-नव्या सगळ्यांना एकाच खाऱ्या पाण्यातून काढावं आणि पेटीतली लाकडं, दगड, करवंट्या यांच्या जागा बदलाव्यात. थोरल्यालाही घर थोडं नवं वाटतं आणि नेहमीच्या कोपऱ्यावरचा हक्क सैल पडतो. सोडायची वेळ संध्याकाळची, कारण रात्र हाच त्यांचा दिवस.

७. पहिल्या रात्री जागं राहा, पण हात आवरा

पहिल्या रात्री तिघंही समोरासमोर आले तेव्हा मिशांनी एकमेकांना टोचण्याचा बराच कार्यक्रम झाला. एकमेकांच्या अंगावर चढणं, ढकलणं, मोठ्याने लहानाला बाजूला सारणं, बेडकासारखा कुरकुर आवाज काढणं, हे सगळं ओळखीचा भाग आहे. यातून कोण मोठा, कोण लहान हे ठरतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. प्रत्येक वेळी हात घालून सोडवत बसलं तर ओळख लांबते.

हात घालायची वेळ वेगळी असते. एखादा दुसऱ्याला सोडतच नाही, शंखाच्या तोंडाशी नांगी घालून आतल्याला ओढतो, किंवा पायांना चिमटे काढत पाठलाग करतो, तर त्यांना लगेच वेगळं करावं. ओढून सोडवू नये, पाय तुटतो. दोघांनाही क्लोरीन नसलेल्या पाण्यात हलकेच धरलं की पकड सुटते. आणि मग शंख मोजावेत. हल्ला करणाऱ्याच्या मापाचा शंख पेटीत नाही, असं बहुतेकदा आढळतं.

८. भुकेल्या घरात पाहुणचार होत नाही

खाण्याची ताटली एकच असेल तर थोरला तिच्यावर बसून राहतो. म्हणून दोन ताटल्या, दोन टोकांना. कात टाकायच्या आधी प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडलं तर खेकडे एकमेकांकडे वळू शकतात. आमच्याकडे बिनमिठाचं सुकट, उकडलेलं अंडं, ओलं खोबरं, पपई, गाजर आणि अंड्याच्या टरफलाची पूड असं आलटून पालटून असतं. कॅल्शियमसाठी समुद्रफेन ठेवावा. आयुर्वेदिक काष्ठौषधींच्या दुकानात तो मिळतो. फळं-भाज्या नीट धुवाव्यात, उरलेलं रोज काढावं.

९. घरातल्या माणसांनाही नियम हवेत

डासांच्या वड्या, कॉइल, झुरळांचे फवारे यांत बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातली द्रव्यं असतात आणि खेकड्यांना ती कीटकांइतकीच घातक. पेटी असलेल्या खोलीत ती वापरू नयेत. गल्लीत धूरफवारणी असेल तर खिडक्या लावून पेटी ओल्या कापडाने झाकावी. नवे आल्यावर पाहायला शेजारपाजारची मुलं येतातच. त्यांना काचेतून दाखवावं, हातात देऊ नये. निदान महिनाभर तरी नव्या खेकड्यांना कुणी उचलू नये.

१०. घर जमलं हे कशावरून ओळखायचं

एकत्र सोडल्यावर काही आठवड्यांनी थोरल्याने एक मोठा गोल शंख घेतला. त्याचा जुना शंख त्याच रात्री धाकट्यांपैकी एकाने घेतला, आणि त्याच्या रिकाम्या शंखात दुसरा शिरला. पुस्तकांत वाचलेली रांग आमच्या पेटीत लागली होती. ढीग करून झोपणं, एका ताटलीत खाणं आणि शंखांची अशी अदलाबदल दिसली की समजावं, घर जमलं.

आमच्या घरात तीन खेकडे शांतपणे राहतात, याचं श्रेय त्यांच्या स्वभावाला जितकं, तितकंच खोल वाळूला, भरपूर शंखांना आणि दमट हवेला आहे. टंचाई असेल तर थोरलाही भांडेल आणि धाकटाही.

शेवटी वाचकांना एक विनंती. दिवेआगर, गणपतीपुळे, तारकर्ली कुठेही सहलीला जाल तेव्हा खडकांतल्या डबक्यांत शंख चालताना दिसतील. ते बहुतेक समुद्रातच जगणारे खेकडे असतात, बाटलीत घालून आणले तर मराठवाड्यात पोचेपर्यंत मरतात. त्यांना आणि रिकाम्या शंखांनाही तिथेच राहू द्या. तुमच्याकडे आधीच एखादा जमिनीवरचा खेकडा एकटा असेल आणि त्याला सोबत द्यायची असेल, तर आधी त्याचं घर मोठं करा, मग कुणाला नकोसा झालेला दुसरा शोधा. कुणाला पाळणं झेपत नसेल, तर फेकून देण्याआधी पाळणाऱ्या एखाद्या घराला विचारा.