पूर, पंचनामा आणि पीकविमा

शेतात कमरेइतके पाणी होते, तलाठ्यांनी पंचनामाही केला, मग विमा का नाही? पंचनामा शासकीय मदतीसाठी असतो. विम्याचा हिशेब निराळा. खरीप २०२५ मध्ये राज्याने एकेका शेताच्या नुकसानीचे संरक्षण वगळले आणि भरपाई महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगांवर ठेवली. समजा, उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल आणि मंडळाची सरासरी ७ आली, तर विमा संरक्षित रकमेच्या ३० टक्के मिळतात. आपले शेत खरवडून गेले असले तरी तेवढेच! तेव्हा भांडायचे ते सरासरीच्या आकड्यावर. कापणी प्रयोगाच्या दिवशी बांधावर स्वतः हजर राहावे. आकडा पटला नाही तर विमा पावती व सातबारा जोडून तालुका तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. अटी हंगामागणिक बदलतात. हप्ता भरण्यापूर्वी त्या वर्षीची अधिसूचना कृषी कार्यालयात पाहावी.