गडाची वाट आणि पायांतील बूट

सह्याद्रीचे गड पाहावयास निघणारा विद्यार्थी शिदोरीची काळजी वाहतो, बुटांची क्वचितच. वस्तुतः पाठीवरील पडशीचा सारा भार अखेर तळपायांवरच येतो. सह्याद्रीचा काळा पाषाण वैशाखांत फार तापतो. म्हणून बुटाचा तळ जाड व ताठ असावा. पातळ तळाखालीं प्रत्येक खडा टोचतो व पाऊल लवकर थकतें.

मुलगा वाढता आहे म्हणून मोठे बूट घ्यावे, असें पुष्कळ पालकांस वाटतें. परंतु बुटाची खरी परीक्षा उतरणीवर होते. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवरून उतरतांना सैल बुटांत पाऊल पुढें घसरतें. टाचेस फोड येतात, नखें काळीं पडतात. बोटांपुढें अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. टाच मात्र घट्ट बसावी. दिवसभराच्या चालण्यानें पाऊल थोडें फुगतें. यास्तव माप सायंकाळीं, जाड मोजे घालून पाहावें. नवे बूट आधीं कांहीं आठवडे रोज वापरून मऊ करावे.

एकाचा पाय दुखावला कीं साऱ्या सोबत्यांची वाट लांबते. आणि उन्हाळ्यांत जवळचें पाणी मोजकेंच असतें, हें आम्हीं विसरूं नये.