आई जेवत नाही : डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यातली देखभाल

"डॉक्टर, आई जेवत नाही. नाकातून नळी घालायची का?" डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचे कुटुंबीय मला सर्वांत जास्त वेळा विचारतात तो हा प्रश्न. विचारणाऱ्या मुलाच्या किंवा सुनेच्या आवाजात अपराधीपणा असतो. घरातलं माणूस उपाशी राहणं ही आपल्याकडे सेवेतली सगळ्यात मोठी कसूर समजली जाते. त्यात भेटायला आलेले पाहुणे "किती वाळल्यात हो!" असं म्हणून जातात आणि रात्रंदिवस राबणाऱ्या माणसाच्या जिवाला ते लागतं.

या प्रश्नाचं उत्तर आजार कुठवर आला आहे त्यावर अवलंबून आहे. म्हणून आधी तेच पाहू.

हा आजार कुठे नेतो?

साठीपुढच्या भारतीयांमध्ये सुमारे 7.4 टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे 88 लाख जणांना डिमेन्शिया असावा, असं 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं. बहुतेक घरांत तो 'विसरभोळेपणा' म्हणून सुरू होतो आणि पुढेही विसरण्याचाच आजार समजला जातो. प्रत्यक्षात तो मेंदूच्या पेशी नष्ट करत जाणारा आजार आहे. स्मरणशक्तीनंतर भाषा जाते, मग चालणं, लघवी-संडासवरचा ताबा, बसणं आणि शेवटी गिळणं. दिवसभरात पाच-सहा शब्दांपलीकडे बोलणं उरत नाही, आधाराशिवाय चालता येत नाही आणि प्रत्येक गोष्ट दुसऱ्याने करावी लागते, तेव्हा आजार शेवटच्या टप्प्यात आला असं आम्ही म्हणतो. हा टप्पा काही महिने चालतो, कधी दोन-तीन वर्षंही.

अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या शुश्रूषागृहांमध्ये अशा 323 रुग्णांवर दीड वर्षं लक्ष ठेवण्यात आलं. 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्या काळात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले आणि सुमारे 86 टक्क्यांना खाण्या-गिळण्याचा त्रास झाला. आणखी एक गोष्ट त्यात दिसली, आणि आजचा सगळा लेख मी तिच्यासाठीच लिहितो आहे. हा आजार जीव घेणारा आहे आणि पुढे काय होणार आहे हे ज्या नातेवाइकांना माहीत होतं, त्यांच्या माणसांना शेवटच्या तीन महिन्यांत त्रासदायक उपचार बरेच कमी सोसावे लागले. प्रेम सगळ्यांचंच होतं. फरक माहितीमुळे पडला.

नळीने काय होतं, काय होत नाही

गिळण्याची क्रिया मंदावल्यावर नळी घातली तर आयुष्य वाढेल, अन्न श्वासनलिकेत जाणार नाही, न्यूमोनिया टळेल, जखमा भरतील, अशी आशा असते. शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात यांपैकी एकही फायदा अभ्यासांतून सिद्ध झालेला नाही. स्वतःची लाळ आणि पोटातून वर आलेलं अन्न नळी असतानाही श्वासनलिकेत जातं. नाकात काहीतरी टोचतं आहे एवढंच रुग्णाला कळतं, म्हणून तो नळी उपसतो. मग त्याचे हात बांधले जातात. म्हणूनच अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीसारख्या वृद्धवैद्यकातल्या संस्था या टप्प्यावर नळीऐवजी हाताने, सावकाश भरवण्याचा सल्ला देतात. माझंही मत तेच आहे.

मात्र खाणं अचानक कमी झालं असेल, तर आधी बरं होण्यासारखं कारण शोधा. तोंडात छाले किंवा पांढरी बुरशी, दुखरा दात, सैल झालेली कवळी, तुंबलेलं पोट, गुंगी आणणारं एखादं औषध. डिमेन्शियासाठी दिलेल्या डोनेपेझिलनेही भूक मरू शकते आणि वजन उतरतं. ते आता चालू ठेवायचं का, हे डॉक्टरांना विचारा. नुकताच पक्षाघात झाल्याने गिळता येत नसेल, तर तिथे नळीचा विचार वेगळ्या पद्धतीने होतो.

घास कसा भरवावा

रुग्ण पूर्ण जागा असतानाच भरवा. पाठीला उशा लावून सरळ बसवा, हनुवटी किंचित खाली राहू द्या. तुम्हीही समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. उभं राहून भरवलं की त्यांची मान वर जाते आणि ठसका लागतो. टीव्ही बंद ठेवा. लहान चमचा वापरा, एक घास गिळला गेल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्या. काही जण घास गालात धरून ठेवतात, म्हणून जेवण संपल्यावर तोंडात पाहून घ्या. नंतर निदान अर्धा तास आडवं करू नका.

पाणी आणि चहा यांसारख्या पातळ पदार्थांनी ठसका जास्त लागतो. त्यामानाने नाचणीचं सत्त्व, घट्ट पेज, मऊ खिचडी, घोटलेला वरणभात, घट्ट दही, कुस्करलेलं केळं गिळायला सोपं जातं. चिवडा, लाह्या, कोरडी पोळी, दाणे टाळा. सगळं एकत्र कालवून एकच लगदा करू नका, प्रत्येक पदार्थाची चव त्यांना मिळू द्या. गोडाची आवड बहुधा शेवटपर्यंत राहते. मधुमेह असला तरी या टप्प्यावर कडक पथ्याचा आग्रह सोडावा. साखर थोडी वाढण्यापेक्षा औषधांमुळे ती एकदम उतरणं अधिक धोक्याचं आहे. औषधांचा डोस त्यानुसार डॉक्टरांकडून कमी करून घ्या.

तोंड घट्ट मिटलं, मान फिरवली, तर थांबा. अर्ध्या तासाने पुन्हा विचारा. नाक दाबून, गालात बोट घालून कधीही भरवू नका. चार चमचे आवडीने खाल्ले तर ते जेवण झालं, असं समजा. अगदी शेवटच्या दिवसांत भूक-तहान आपोआप विझते. शरीर थांबत चाललं म्हणून खाणं थांबतं. खाणं थांबलं म्हणून माणूस जात नसतो. तेव्हा सलाइन लावल्याने अंगावर सूज येते, छातीत कफ साठतो. ओल्या कापसाने तोंड पुसणं आणि ओठांना तूप लावणं याने खरा आराम मिळतो. मुखात गंगाजल घालायचं असेल, तरी ओठ ओले होतील एवढंच घाला.

न बोलणारी वेदना

या टप्प्यावर 'दुखतंय' हे सांगता येत नाही, पण दुखतं. ते ओळखायला पाच गोष्टी पाहा : श्वास जोरजोरात चालला आहे का, कण्हणं, ओरडणं, रडणं आहे का, कपाळाला आठ्या, चेहऱ्यावर भीती आहे का, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी घेतलेले, अंग ताठ आहे का, जवळ घेऊन, बोलून शांत होतात की नाही. प्रत्येकाला शून्य ते दोन असे गुण देऊन दहापैकी किती होतात ते मांडायची एक पद्धत 2003 पासून वापरात आहे. तुमच्या डॉक्टरांकडून ती शिकून घ्या. अंघोळ घालताना आणि कूस बदलताना विशेष लक्ष द्या, कारण आखडलेले सांधे तेव्हाच दुखतात. पुष्कळदा ठरलेल्या वेळी दिलेल्या साध्या पॅरासिटामॉलने 'आरडाओरडा करणारा' रुग्ण शांत होतो.

एक-दोन दिवसांत एकदम बदल झाला, म्हणजे जास्त गोंधळ, आरडाओरडा किंवा उलट नुसतं झोपून राहणं, तर 'आजार वाढला' असं समजून गप्प बसू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, पाण्याची कमतरता, नवीन औषध यांपैकी काहीतरी बहुधा निघतं, आणि ते सुधारता येतं.

रात्री ओरडतात म्हणून झोपेची किंवा मनोविकाराची गोळी परस्पर सुरू करू नका. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन या गटातल्या औषधांनी डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2005 मध्येच दिला आणि 2008 मध्ये तो हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लागू केला. क्वचित ती लागतात, पण तेव्हाही कमीत कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

पाठ, टाचा आणि तोंड

आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी 1906 साली ज्या रुग्णाची हकिगत वैद्यकविश्वापुढे मांडली, त्या आउगुस्टे डेटर या बाई अंथरुणातल्या जखमा चिघळून, रक्तात जंतुसंसर्ग पसरून गेल्या होत्या. शंभर वर्षं उलटून गेली तरी बेडसोअर हा या आजारातला मोठा शत्रू आहे.

दर दोन तासांनी कूस बदला. हवेची गादी घेतली तरी हे चुकवू नका. माकडहाड, टाचा, कंबरेची बाजू, कोपरं, डोक्याची मागची बाजू रोज उजेडात पाहा. दाबल्यावरही न जाणारी लाली ही जखमेची सुरुवात असते. काळ्या-सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे गरम, कडक किंवा गडद झालेला भाग शोधा. अशा जागी मालिश करू नका. रबरी रिंगवर बसवू नका, तिच्या कडांनी रक्तपुरवठा आणखी अडतो. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा. सरकवताना ओढू नका, चादरीसकट उचला. डायपर ओला झाला की लगेच बदला. जखमेवर हळद, राख, पावडर काहीही टाकू नका, डॉक्टरांना दाखवा.

दात नसले तरी तोंड दिवसातून दोनदा मऊ ब्रशने किंवा ओल्या कापडाने स्वच्छ करा. तोंडातले जंतूच लाळेबरोबर छातीत उतरून न्यूमोनिया करतात.

रुग्णालयात न्यायचं की नाही?

हा निर्णय रात्री दोन वाजता, ॲम्ब्युलन्स दारात उभी असताना घ्यायचा नसतो. आधीच बसून ठरवा. प्रत्येक उपचाराबद्दल डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : याने त्यांना आराम मिळेल का? हे करताना त्यांना त्रास किती होईल? नाही केलं तर काय होईल, आणि तेव्हा त्रास कसा कमी ठेवाल? मोडलेलं हाड किंवा तुंबलेली लघवी यांसाठी नेण्यात अर्थ आहे, कारण त्याने वेदना थांबते. न्यूमोनियावर घरी तोंडाने औषध देऊन, ताप आणि धाप आटोक्यात ठेवणं हाही उपचारच आहे. व्हेंटिलेटर आणि छातीवर दाब देऊन हृदय सुरू करण्याची धडपड यांनी या टप्प्यावर क्वचितच काही साधतं, यातना मात्र होतात.

कायदाही इथे आडवा येत नाही. 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि लिव्हिंग विल म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं, आणि 24 जानेवारी 2023 रोजी त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येतं. मात्र ते शुद्धीत आणि समज असतानाच करावं लागतं. इच्छापत्र नसलेल्या रुग्णाच्या बाबतीतही रुग्णालयातली वैद्यकीय मंडळं आणि जवळचे नातेवाईक मिळून जीवरक्षक उपचार थांबवण्याचा निर्णय घेऊ शकतात. आई-बाबा धडधाकट असताना काय म्हणायचे ते आठवा. 'मला नळ्या लावून ठेवू नका' असं ते म्हणाले असतील, तर तो शब्द पाळणं हीच सेवा आहे.

सांभाळणाऱ्याला सांभाळा

बहुतेक घरांत हे सगळं एकच व्यक्ती करते : बायको, सून किंवा मुलगी. तिला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी आणि रोज सलग सहा-सात तास झोप मिळालीच पाहिजे. ब्युरोतून आलेल्या मावशींना भरवणं आणि कूस बदलणं स्वतः उभं राहून शिकवा. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असलेल्या भावंडांनी फोनवरून 'सगळं करा, काही कमी पडू देऊ नका' असं सांगण्याआधी महिनाभराची रजा काढून यावं, निदान रात्रीच्या मदतनिसाचा खर्च उचलावा. निर्णयाच्या बैठकीला मात्र व्हिडिओ कॉलवर का होईना, सर्वांनी हजर राहावं.

सांभाळणाऱ्या व्यक्तीला सतत रडू येत असेल, राग अनावर होत असेल, 'हे संपावं' असं वाटत असेल, तर तिला वाईट ठरवू नका. हे थकव्याचं आणि आधीच सुरू झालेल्या दुःखाचं लक्षण आहे. टेली-मानस (14416) ही मानसिक आरोग्याची आणि एल्डरलाइन (14567) ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे. दोन्ही मोफत आहेत. तुमच्या शहरात घरी येऊन वेदनाशामक शुश्रूषा, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर देणारे डॉक्टर किंवा नर्स आहेत का, याची चौकशी आजच करा. ही सेवा कर्करोगापुरती मर्यादित नाही.

'आम्हाला ओळखतच नाहीत, मग जवळ बसून काय उपयोग?' असंही विचारलं जातं. नाव आणि नातं मेंदूतून पुसलं गेलं, तरी स्पर्श, आवाजातला मायेचा सूर, ओळखीचं भजन यांना रुग्ण बराच काळ प्रतिसाद देतात. डोक्याला तेल लावणं, हात हातात घेणं, नावाने हाक मारून मगच अंगाला हात लावणं, याने त्यांची भीती कमी होते.

या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी एकदा एकत्र बसा आणि चार गोष्टी कागदावर लिहा : नळी घालायची की नाही, कशासाठी रुग्णालयात न्यायचं, रात्री-अपरात्री कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा, आणि सांभाळणाऱ्याला सुट्टी कोण देणार. तो कागद फ्रिजवर लावा आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. पुढच्या वेळी कुणी 'आज किती खाल्लं?' असं विचारलं, तर 'आज त्यांना त्रास झाला नाही' असं निःसंकोच सांगा. या टप्प्यावर चांगल्या देखभालीची खूण हीच आहे.